सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी

कोहमाऱ्याच्या चौकात रायपूरकडे जाणारे ट्रक जेवायला थांबतात. त्या ढाब्यांच्या रांगेत अगदी शेवटी दुर्गाप्रसाद रहांगडालेचं दुकान आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘योगेश्वरी कम्प्युटर्स’ आणि खाली बारीक अक्षरात आता तिथं जे जे होत नाही, ते सगळं लिहिलेलं आहे : फॅक्स, सीडी रायटिंग, लग्नाच्या रंगीत पत्रिका, ई-मेल काढून मिळेल. पाटी बदला म्हटलं तर दुर्गाप्रसाद म्हणतो, “कोणी फॅक्स मागाले आलाच तर नाही म्हणाले मी बसलो आहो ना.”

सध्या दुकान चालतं ते सातबाऱ्यावर, आधारवर आणि धान विक्रीच्या नोंदणीवर. ही कामं नव्या, चपट्या स्क्रीनच्या मशीनवर होतात. जुनं मशीन मागच्या खोलीत, बायकोनं, म्हणजे रुक्मानं, शिवलेल्या फुलाफुलांच्या खोळीत झाकून ठेवलेलं आहे. त्याचा मॉनिटर इतका खोल की खोळीसकट पाहिलं तर टेबलावर कोणी गुडघे पोटाशी घेऊन बसलं आहे असं वाटावं. खोलीत शिरणारा नवखा माणूस एकदा तरी दचकतो.

हे मशीन दुर्गाप्रसादनं दोन हजार साली आणलं, बैलांची जोडी विकून. वडील त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत. पुढे बोलायला लागले तेव्हा पहिलं वाक्य होतं, “याले चारा तं लागत नाही ना?” तेव्हा कम्प्युटर ही बघायची गोष्ट होती. चौकातली माणसं चपला बाहेर काढून आत येत. मशीनला धुळीतून व्हायरस लागतो, असं नागपूरच्या तीन महिन्यांच्या क्लासात दुर्गाप्रसाद ऐकून आला होता आणि त्यानं ते अख्ख्या चौकाला पटवलं होतं. एक सरदारजी ड्रायव्हर तर नाकाला रुमाल बांधून आत आला, मशीनकडे लांबूनच बघून हात जोडून गेला. दसऱ्याला मॉनिटरच्या काचेवर कुंकू लागायचं. ते पुसताना राहिलेला लालसर डाग पुढे वर्षभर प्रत्येक अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात दिसायचा आणि लोक तो कागदावर का येत नाही, असं विचारायचे.

पण दुर्गाप्रसादचं खरं नाव झालं ते सेटिंगमुळे. देवरीपासून सडक अर्जुनीपर्यंत कुठंही मशीन अडकलं की त्याला बोलावणं यायचं. तो सायकलवर जायचा, खिशात एक स्क्रू-ड्रायव्हर आणि शाळकरी पोरांचं खोडरबर. डबा उघडून मेमरीची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचं, फुंकर मारायची, पट्टी परत दाबायची. दहातली सात मशीनं एवढ्यावर उठायची. उरलेल्या तिन्हींसाठी तो आत शिरायचा : मागचं झाडाफुलांचं चित्र काढून टाक, रंग कमी कर, डिस्कवरची थोडी जागा मेमरीच्या नावानं लिहून दे. आणि काहीही करण्याआधी रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबून पाच वेळा ‘रिफ्रेश’. बसण्याआधी माणूस सतरंजी झटकतो, तसं. त्यानं नेमकं काय होतं, हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही कोणाला नाही.

“मशीन म्हातारं होत नसते, भाऊ,” तो मालकाला सांगायचा, “आपणच त्याच्यावर ओझं टाकून राहतो.”

आता सांगायची गोष्ट या दिवाळीच्या आठ दिवस आधीची. चिचगडच्या मंडई मंडळाचा अध्यक्ष गजेंद्र मोटरसायकलवर आला. आपल्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्री नाटक, हे काही सांगायला नको. यंदा चिचगडच्या मंडळाला पन्नास वर्षं होत होती आणि गावानं ठरवलं होतं की बाहेरचं नवं नाटक आणायचं नाही. गावच्या छोटेलालचं ‘उंबऱ्याबाहेरची सून’ परत उभं करायचं.

“काका, संहिता तुमच्याकडेच आहे म्हणतात,” गजेंद्र म्हणाला. “पेन ड्राइव्हमध्ये द्या, लॅपटॉपवर काढून घेतो.”

दुर्गाप्रसादनं नव्या मशीनवर कधीतरी उतरवून ठेवलेली फाइल दिली. गजेंद्रच्या लॅपटॉपवर ती उघडली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं दिसली. त्या काळचा मराठी फॉन्ट त्याच मशीनवर बसलेला. त्याचं कुलूप म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी, ती मशीनच्या पाठीत खोचलेली असेल तरच अक्षरं मराठी. प्रिंट काढावं तर ठक-ठक प्रिंटरची रिबन केव्हाच वाळून गेलेली.

“मग एकच उपाय,” गजेंद्र म्हणाला. “जुनं मशीन चालू करा. स्क्रीनवरची पानं मी मोबाइलनं मारून घेतो. आणि हो, छोटेलालबाबापण येणार आहेत. छापायच्या आधी स्वतः वाचायचं म्हणून राहिले.”

“वाचायचं? त्यांले दिसते का?”

“एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसरा पिकायचा आहे म्हणे. म्हणाले, दुर्गाले सांग, अक्षर मोठं करून ठेवजो.”

गजेंद्र गेला आणि दुर्गाप्रसाद खुर्चीत बसला तो बसलाच. एक गिऱ्हाईक सातबारा मागून कंटाळून निघून गेलं.

त्याचं कारण दोन हजार दोन सालात होतं. छोटेलाल लिहायचा नाही, सांगायचा. चौथी पास माणूस, पण तोंडात अख्खं नाटक. दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत त्यानं अकरा दिवस ‘उंबऱ्याबाहेरची सून’ सांगितलं आणि दुर्गाप्रसादनं ते टाइप केलं. सासऱ्याचं बोलताना छोटेलाल छाती काढायचा, सुनेचं बोलताना खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घ्यायचा. ढाब्यावरची माणसं हातातलं ताट घेऊन दारात यायची. शेवटच्या दिवशी तिसरा अंक संपला आणि छोटेलाल तिथूनच वडसाच्या गाडीत बसला, नटी ठरवायला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं प्रती चिचगडला पोचायच्या होत्या.

तेव्हा मशीनमध्ये मेमरी इतकी थोडी, की साठ पानांची फाइल सेव्ह करायला तीन-चार मिनिटं लागायची. म्हणून दुर्गाप्रसाद दिवसाकाठी एकदाच, काम संपल्यावर सेव्ह करायचा. त्या दिवशी काम संपलं, त्यानं बटण दाबलं, वाळूचं घड्याळ फिरायला लागलं आणि लाइन, म्हणजे वीज, गेली. लाइन आली तेव्हा तिसऱ्या अंकाची नऊ पानं गेलेली होती. छोटेलाल वडसात. मोबाइल कोणाकडेच नाही.

रुक्माही घरी नव्हती. चार दिवसांपूर्वी भांडून माहेरी, आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला गेली होती, मुलगी सोनिका पोटात असताना. दोघं बाहेर मराठी बोलत, पण भांडण घरच्या पोवारी बोलीत करत. ती इथं सगळ्यांनाच येते, म्हणजे शेजारच्या ढाब्यालाच नाही, पलीकडच्यालाही कळायचं. 

दुर्गाप्रसादनं आठवेल तसं टाइप करायला घेतलं. सहा पानं बरी जमली. मग सुनेचं निघून जातानाचं मोठं बोलणं आलं आणि तो अडला. छोटेलालनं दुपट्टा डोक्यावर घेतला होता हे आठवत होतं, तो रडला होता हे आठवत होतं, शब्द एकही आठवत नव्हता. शेवटी त्यानं सुनेच्या तोंडी घातलं ते रुक्मा घरातून निघताना त्याला बोलली होती ते. पोवारीचं मराठी करून, थोडं मागं-पुढं करून पुढची तीन पानं त्यानं अशीच भरली.

आणि नाटकात टाळ्या पडल्या त्या नेमक्या तिथं. बाया पदर तोंडाला लावून रडल्या, मागून ‘वन्स मोर’ आला, नटीला ते बोलणं दोनदा म्हणावं लागलं. विंगेत छोटेलालचे डोळे भरले होते. “दुर्गा,” तो म्हणाला, “हे कवा सांगितलं गा म्या?”

तेव्हाच खरं सांगायचं होतं. पण दुर्गाप्रसाद म्हणाला, “तुमी सांगून राहिले होते, मी टायपून राहिलो होतो.”

दोन हंगाम नाटक देवरी तालुक्यात चाललं आणि थांबलं. दुर्गाप्रसादचं ते वाक्य मात्र बावीस वर्षं पोटात राहिलं.

शनिवारी त्यानं खोळ काढली. डबा उघडला तर आत कोळ्याचं जाळं आणि मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काळी पडलेली. दुसरीला खोडरबर घासलं. मशीन सुरू झालं, मॉनिटरनं तो जुना टुंग असा आवाज केला आणि स्क्रीन एकदा थरथरून उभी राहिली. दुर्गाप्रसादला उगाचच खोकला आला. बत्तीस एमबी. एवढ्यात साठ पानं उघडायची म्हणजे घरातलं सगळं सामान अंगणात काढून पाहुण्यांना झोपवण्यासारखं. त्यानं मागचा धबधबा काढून टाकला, सोबत सुरू होणारी सगळी बिनकामाची मंडळी बंद केली, डिस्कवरची जागा मेमरीला लिहून दिली. रंग लाखांवरून दोनशे छप्पनवर आणले.

मग स्क्रीनची पट्टी आली, ज्यावर आकार ठरतो. ती आठशे बाय सहाशेवर होती. एक घर डावीकडे सरकवली की सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी, अक्षरं चिंचोक्याएवढी, मशीनलाही ओझं कमी. मशीनच्या भल्याचं, छोटेलालच्या डोळ्याच्या भल्याचं, सगळ्यांच्या भल्याचं एकच घर होतं, फक्त दुर्गाप्रसाद सोडून. कारण ज्यानं एकेक शब्द जन्माला घातला, तो माणूस ती नऊ पानं मोठ्या अक्षरात वाचणार होता. पट्टी तिथंच ठेवली असती तर सांगता आलं असतं, मशीन म्हातारं झालं भाऊ, याहून मोठं होत नाही. मी वाचून दाखवतो, तुमी ऐका. आणि वाचताना तीन पानं चटकन उलटता आली असती.

त्यानं पट्टी आठशेवरच ठेवली. पाच वेळा रिफ्रेश केलं आणि खोळ घातली.

रविवारी सकाळी, गजेंद्रच्या आधीच, छोटेलाल पहिल्या गाडीनं हजर. सत्तरीचा माणूस, डोळ्याला दवाखान्याचा हिरवा चष्मा. दाराशी चपला काढायला लागला.

“राहू द्या चपला, छोटेलालभाऊ. आता कोणी काढत नाही.”

“कोणी काढत नाही म्हणून मी कायले नाही काढू?” छोटेलाल आत आला, खुर्चीत बसला. मशीनकडे बघितलं. “जिवंत आहे का गा हा? मले वाटलं तुवं मोडीत टाकला असन.”

“तुमचं नाटक होतं ना आत.”

“नाटकच पाहाले आलो.” छोटेलालनं चष्मा सारखा केला आणि आवाज खाली आणला. “त्या गजेंद्रसमोर नाही बोललो, तुले सांगतो. दुर्गा, मायं डोकं चाललं गा.”

“काऊन, काय झालं?”

“अख्खं नाटक पाठ आहे मले. सासऱ्याचं, मामाचं, पोलीस पाटलाचं, सगळं. शेतात एकटा म्हणून पाहतो. फक्त सुनेचं शेवटचं भाषण येत नाही. ते चिमणीवालं एक वाक्य येते आन् मागं-पुढं कोरं. मायंच लेकरू, सगळ्यात देखणं, आन् तेच ओळखू येऊन नाही राहिलं. माया बापाले शेवटी असंच झालं होतं. आधी एक एक नाव जाये. मग पोरंच ओळखू येत नव्हते.” त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. “म्हटलं डोळ्यानं वाचून पाहतो. वाचल्यावर आठवलं तं ठीक. नाही आठवलं तं समजाचं.”

बावीस वर्षं दुर्गाप्रसाद समजत होता की आपण एका माणसाला टाळ्या बक्षीस दिल्या. त्या टाळ्यांचं असं व्याज फिरेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. त्यानं खोळ काढली, मशीन सुरू केलं, रिकाम्या जागेवर उजवं बटण दाबलं आणि या वेळी रिफ्रेश न करता थेट पट्टी गाठली. एक घर डावीकडे. स्क्रीन काळी झाली, क्षणभर काहीच दिसेना, मग सगळं मोठं होऊन परत आलं. फाइल उघडायला सहा मिनिटं लागली.

“दिसते?”

“हो. बापा, हे तं पाटीसारखं दिसून राहिलं.”

छोटेलाल बोट काचेपासून वीतभर दूर धरून वाचायला लागला. पहिल्या दोन अंकांत तो वाचत नव्हताच, स्क्रीनच्या आधी तोंडच पुढे जात होतं. मामाच्या विनोदाला स्वतःच हसला. तिसऱ्या अंकात वेग मंदावला. एका जागी म्हणाला, “हे असं नव्हतं वाटते,” आणि पुढे गेला. मग सुनेचं भाषण आलं. ते त्यानं मोठ्यानं वाचलं, एकेक अक्षर :

“‘दिवस असला का मी तुमाले दिसत नाही. अंधार पडला का हाका मारता, दिवा आण, दिवा आण. मी तुमची बायको आहो का घासलेटची चिमणी?’”

पुढची तीन पानं त्यानं मनात वाचली. संपल्यावर पान परत भाषणाच्या सुरुवातीला आणायला लावलं आणि चष्मा काढला.

“नाही आठवत,” तो म्हणाला. “चिमणी सोडली तं एक शब्द नाही आठवत, दुर्गा.”

“आठवनार कसं?” दुर्गाप्रसाद म्हणाला. “हे भाषण तुमी सांगितलंच नव्हतं. नऊ पानं लाइनीत गेली होती, छोटेलालभाऊ. तुमी वडसाले होते. आठवली तेवढी तुमची टाकली. ही तीन मी लिहिली.”

छोटेलालनं त्याच्याकडे चांगल्या डोळ्यानं पाहिलं, मग पिकायच्या डोळ्यानंही पाहिलं. “तू?”

“मी.”

“झूठ. तू तं टायपिंग करे. तुले दोन ओळीचं लग्नपत्रिकेतलं निमंत्रण जमत नव्हतं, मी सांगत होतो.”

“आईशपथ.”

“मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिला. म्हातारा झालो म्हणून मले खेळवू नको बे!” छोटेलालचा आवाज चढला. “असं वाक्य असं कोणाले सुचत नाही. त्याले जीव जळाले लागते. तुया कायचा जीव जळाला होता? बैल विकून मजेत बसला होता इथं!”

आवाज ऐकून रुक्मा चहा घेऊन मागच्या दारातून आली. घर दुकानाला लागूनच. “काय झालं, भाऊजी? काऊन ओरडून राहिले?”

“हा तुमचा नवरा म्हणते, सुनेचं भाषण यानं लिहिलं.”

“कोणती सून?”

तिनं ते नाटक पाहिलेलंच नव्हतं. मंडईच्या वेळी ती गोरेगावला बाळंतीण होती, आणि परत आल्यावर दुर्गाप्रसादनं तिला कधी नेलं नव्हतं. का नेलं नव्हतं ते आता कळलं. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि स्क्रीनकडे पाहिलं. तिला चष्मा लागतो आणि तो घरात राहिला होता, पण सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशीला चष्मा लागत नव्हता.

तिनं पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. मग ती नवऱ्याकडे वळली.

“हे तं मी बोलली होती तुमाले.”

दुर्गाप्रसाद चहाकडे पाहू लागला.

“लाइन असली का मी दिसत नाही, लाइन गेली का रुक्मा, चिमणी आण. असं बोलली होती मी. दाराशी उभी राहून. हातात पिशवी होती.” तिनं परत स्क्रीनकडे पाहिलं. “लाइनचं दिवस काऊन केलं?”

“नाटकातल्या गावात लाइन नव्हती आली,” दुर्गाप्रसाद पुटपुटला.

छोटेलाल दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल झालं. तो हसायला लागला, इतका की त्याला ऑपरेशनचा डोळा दाबून धरावा लागला. “म्हणजे मी विसरलो नाही! मायं होतंच नाही तं विसरन कसा? अरे, डोकं ठीक आहे गा मायं!” हसू ओसरल्यावर त्याला दुसरी बाजू दिसली. “म्हणजे तो वन्स मोर माया नव्हता.”

“बाकी नाटक तुमचंच आहे, भाऊ.”

“बाकी नाटकाले कोण रडलं होतं?” तो थोडा वेळ कप नुसता हातात धरून बसला. बावीस वर्षं ज्याच्या-त्याच्याजवळ मिरवलेली गोष्ट एका सकाळी खाली ठेवायची म्हणजे एवढा वेळ लागणारच. मग त्यानं मान वर केली. “वहिनी, तुमी चोरीचा दावा लावा याच्यावर. मी साक्षीले येतो.”

“दावा काय लावू?” रुक्मा म्हणाली. “चोरी केली तीही अर्धी. पुढचं बोलणं कुठं आहे?”

“पुढचं कोणतं?” दुर्गाप्रसाद म्हणाला.

“बघा, ऐकलंच नाही. तवाही मशीनकडंच तोंड होतं तुमचं. मी म्हटलं होतं, चिमणी तं चिमणी. पण चिमणीलेही घासलेट लागते. ते कोण आणून राहिलं?”

बाहेर ढाब्यासमोर एका ट्रकनं हॉर्न दिला आणि कोणीतरी दोन तडका डाळ सांगितली.

“दुर्गा,” छोटेलाल हळूच म्हणाला, “टाइप कर.”

दुर्गाप्रसादनं टाइप केलं. अक्षरं बोटांच्या मागून, एकेक करून येत होती. छोटेलालनं ती वाचली आणि मांडीवर थाप मारली. “आता झालं भाषण! गजेंद्रले सांगतो, पाटीवर तिघांची नावं टाक. वहिनी, आन् यंदा पहिली खुर्ची तुमची.”

“खुर्चीचं पाहू पुढं,” रुक्मा म्हणाली. ती खाली वाकून शेवटचं पान वाचत होती. “ही सून शेवटी माहेरी जाते?”

“हो. माहेरी जाते आन् पडदा पडते.”

“माहेरी नका धाडू तिले. चार दिवस बरं वाटते. पाचव्या दिवशी वहिनी विचारते, कधी जाता म्हणून.”

“मग कुठं धाडू?” छोटेलालनं विचारलं. थट्टेनं नाही. नाटक सांगणाऱ्या माणसाला नाटकाबद्दल खरंच विचारावं लागतं, तसं. दुर्गाप्रसादनं ‘माहेरी’ शब्दापासून शेवटपर्यंत सगळं काळं करून पुसून टाकलं आणि बोटं कळांवर ठेवून बायकोकडे पाहू लागला.

रुक्मानं स्टूल ओढलं आणि दोघांच्या मध्ये बसली.

“थांबा जरा, विचार करू द्या,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांनी विचारून राहिले, तं मी घाई कायले करू?”